भावकीचा ग्रुप, मुलीचे इन्स्टाग्राम आणि घरातल्या बोलण्याची रीत

गुहागर तालुक्यातील एका सूनबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात वृद्ध सासरे, पती आणि नववीत शिकणारी मुलगी आहे. दोन धाकटे दीर कुटुंबासह विरार आणि डोंबिवली येथे राहतात. गणपतीचा खर्च आणि सामाईक घराच्या छपराची दुरुस्ती यांवरून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद झाला, विरारच्या दिरांनी ग्रुप सोडला आणि तेव्हापासून त्यांचे फोनही थांबले. त्याच सुमारास मुलीने कोणाला न विचारता इन्स्टाग्रामवर खाते उघडल्याचे तिच्या चुलतभावाकडून सर्वांना कळले. मोबाइलने घराचे संस्कार बुडवले असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. ते खरे मानावे का, आणि आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कौटुंबिक समुपदेशनाचे काम करताना अशा तक्रारी घेऊन येणारी घरे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यांतून बनलेले माझे मत असे की समाजमाध्यमांमुळे कोकणातल्या घरांतले बोलणे कमी झालेले नाही, ते पुष्कळ वाढले आहे. मात्र कोणती गोष्ट कोणाला आधी सांगायची, कोणापुढे सांगायची आणि ती कोणी सांगायची याची जी रीत घराघरांत होती, ती मोडली आहे. आणि आपल्या सासऱ्यांना जे बुडाल्यासारखे वाटते त्याचा बराचसा भाग या मोडलेल्या रीतीत आहे.

कोकणातले कुटुंब निदान तीन-चार पिढ्या दोन ठिकाणी राहत आले आहे. कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत किंवा बोटीवर, आणि बायकामुले, म्हातारी माणसे, शेती व देव गावाला. त्या काळी संवाद पत्रावर चाले आणि पत्र बहुधा खाजगी नसे. घरात वाचता येणारे कोणी नसेल तर शाळेतले गुरुजी किंवा पोस्टमन ते मोठ्याने वाचून दाखवीत, शेजारपाजारची चार माणसे ऐकत, आणि लिहिणाऱ्याला हे ठाऊक असल्यामुळे पत्रात खुशाली, पैशांची व्यवस्था, पेरणीची चौकशी आणि थोरांना नमस्कार एवढेच येई. मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी इवलीशी जागा असे. तिच्यात भांडण मावण्यासारखे नव्हतेच. भावाभावांतला हिशेब, सुनेची तक्रार, मुलीच्या स्थळाची बोलणी अशी नाजूक गोष्ट गावाला निघालेल्या विश्वासू माणसाच्या तोंडी पाठवली जाई, किंवा मे महिन्यात नाहीतर गणपतीत भेट होईपर्यंत थांबे. हे थांबणे चांगलेच होते असे मी म्हणणार नाही. सुनेची तक्रार कित्येक घरांत आयुष्यभर थांबून राहिली, आणि आज त्याच घरातली सून रात्री आईला किंवा बहिणीला व्हिडिओ कॉल करून मन मोकळे करू शकते, ही मला मोबाइलची मोठी देणगी वाटते. परंतु चारचौघांत काय लिहायचे आणि आड बाजूला काय बोलायचे हा भेद त्या वेळी लेखणी हातात धरणाऱ्या प्रत्येकाला कळत होता.

आपल्याकडच्या जुन्या घरात ओटीवरचे बोलणे निराळे, माजघरातले निराळे आणि मागील पडवीत बायकाबायकांत होणारे निराळे. ओटीवर व्याही बसलेले असताना माजघरातली गोष्ट कोणी काढत नसे. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे मधल्या भिंती काढून टाकलेले हे घर आहे. त्यात आजोबा असतात, जावई असतात, कालच लग्न होऊन आलेली सून असते आणि पंधरा वर्षांची नातवंडेही असतात. अशा जागी एखाद्या वहिनींनी ‘गेल्या वर्षीचे पैसे अजून आलेले नाहीत’ असे सहज लिहिले, तरी ज्याचे पैसे राहिले आहेत त्याच्या दृष्टीने तो जावयांसमोर आणि मुलांसमोर ठेवलेला ठपका असतो. मग त्याचे उत्तर वहिनींना उद्देशून येत नाही. ते पाहणाऱ्या सगळ्यांसाठी येते, आणि म्हणूनच ते आवश्यकतेपेक्षा कठोर असते. माझ्याकडे येणाऱ्या भावकीच्या वादांत पैशांची रक्कम क्वचितच मोठी असते, पण ‘सगळ्यांसमोर बोलले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकू येते.

त्यात या साधनाची स्वतःची घडण भर घालते. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या आणि तेव्हापासून संदेश वाचला गेला की नाही हे पाठवणाऱ्याला दिसू लागले. एकट्याशी चाललेल्या संवादात ही खूण बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये ती बंद होत नाही; संदेशाच्या माहितीत कोणी केव्हा वाचले ते पाहता येते. विरारच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसाने खिशातून फोन काढून संदेश वाचला आणि घरी जाऊन सावकाश उत्तर देऊ म्हणून परत ठेवला, तर गावाला त्याचा अर्थ ‘वाचून गप्प बसला’ असा होतो. पत्राला पंधरा दिवस लागत तेव्हा उशिराने कोणाचा मान जात नव्हता. आता दोन तासांच्या मौनाने जातो. शिवाय लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो. ‘बघू’ हा शब्द आपल्याकडे तोंडाने उच्चारला तर त्याचे चार अर्थ होतात आणि ऐकणाऱ्याला ते चारही कळतात. टाइप केल्यावर त्यातला सर्वांत वाईट अर्थ उरतो.

म्हणून आपल्या घरातील पहिला वाद असा हाताळावा. दिरांना परस्पर ग्रुपमध्ये परत घेऊ नये. ग्रुप सोडणे हा त्यांचा राग व्यक्त करण्याचा मार्ग होता, आणि न विचारता परत ओढून घेणे म्हणजे त्या रागाला काही किंमत नाही असे सांगणे होय. आपल्या यजमानांनी त्यांना स्वतः फोन करावा, तोही कामाच्या दिवशी संध्याकाळी नव्हे, रविवारी सकाळी; आणि पहिल्या फोनमध्ये पैशांचा विषय काढू नये. थोरल्या भावाने आधी फोन केल्याने त्याचा मान कमी होतो असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव असा की धाकटा भाऊ बहुतेक वेळा त्याच फोनची वाट पाहत असतो. तेवढ्याने जमले नाही तर घरातल्या आत्यांना मध्ये घालावे. लग्न होऊन गेलेली माहेरवाशीण आपल्याकडे दोन्ही भावांना रागावू शकते आणि दोघांनाही ते चालते. हा अधिकार ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मिळत नाही.

पैशांचा हिशेब मात्र लेखी आणि सर्वांना दिसेल असा असावा, कारण अविश्वास बहुधा हिशेब न दिसल्याने वाढतो. त्यासाठी वेगळा ग्रुप करून त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय ठेवता येते. त्यावर वहीच्या पानाचा फोटो, पावत्या, आणि सुताराने वासे, रिपा व कौले यांचा दिलेला अंदाज एवढेच टाकावे. चर्चा फोनवर किंवा समक्ष करावी. जाता जाता एक सांगते, कारण हा प्रश्न पुढे निघतोच: ग्रुपवर कोणी ‘माझा हिस्सा सोडला’ असे रागाने लिहिले म्हणून हिस्सा सुटत नाही, आणि छपराला जास्त पैसे दिले म्हणून तो आपोआप वाढतही नाही. सामाईक घरजमिनीची वाटणी रीतसर कागद करूनच करावी, आणि सणाच्या आठवड्यात तो विषय काढूच नये.

कुटुंबाचा मूळ ग्रुप मोडून टाकावा का? मुळीच नाही. गावाला एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे रोज सकाळचे फुलांचे चित्र आणि ‘सुप्रभात’ ही तरुणांच्या थट्टेची गोष्ट झाली आहे. परंतु एखाद्या दिवशी ते चित्र आले नाही म्हणून मुंबईच्या मुलाने शेजाऱ्याला फोन केला आणि आई न्हाणीघरात पडलेली सापडली, असे प्रसंग वाड्यावाड्यांत ऐकायला मिळतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावांची वीज आणि मोबाइलची रेंज कित्येक दिवस गेली होती. टाळेबंदीमुळे मुंबईकरांना येताही येत नव्हते. त्या दिवसांत ज्यांनी घरचा फोन लावून पाहिला आणि लागला नाही, त्यांच्यापुढे या साधनाची निंदा करून पाहावी.

आता सासऱ्यांविषयी. वडीलधाऱ्यांच्या फोनचा विषय घरात निघत नाही, कारण फोनचा दोष म्हटला की तो लहानांचा असे आपण धरून चालतो. वास्तविक आलेला संदेश खरा मानून पुढे पाठवण्यात ज्येष्ठ मंडळी मागे नसतात, कारण छापलेले खोटे नसते या जगात त्यांचे आयुष्य गेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. सासऱ्यांनी एखादी चुकीची गोष्ट ग्रुपवर पाठवली तर नातवाने तेथेच ‘फेक आहे’ असे लिहू नये. जवळ बसून, बातमीचा पत्ता लागत नाही हे दाखवून, त्यांनाच ती काढून टाकायला सांगावे. मोठ्यांची चूक चारचौघांत काढायची नाही, हा जो संस्कार ते स्वतः सांगत आले आहेत, तो पाळला जातो आहे हे त्यांना त्यात दिसेल.

मुलीचा प्रश्न अधिक काळजीपूर्वक पाहावा लागेल. इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे, त्यामुळे नववीतल्या मुलीने खाते उघडणे हा नियमभंग नाही. न सांगता उघडले एवढीच तक्रार उरते, आणि ती का सांगू शकली नाही हे विचारण्यासारखे आहे. सर्वप्रथम तिने खात्यात कोणती जन्मतारीख घातली आहे ते विचारा. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळ्या स्वरूपाची खाती आणली असून ती भारतातही लागू आहेत. ती आपोआप खाजगी असतात, अनोळखी माणसाला त्यांवर संदेश पाठवता येत नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलाला हे निर्बंध सैल करायचे असतील तर पालकांची संमती लागते. मुले वय वाढवून घालतात आणि हे सगळे संरक्षण एका खोट्या तारखेने निघून जाते. त्यामुळे रागावण्याआधी तारीख दुरुस्त करून घेणे महत्त्वाचे आहे.

फोन काढून घ्यावा का, असे बहुतेक पालक विचारतात. काढून घेतलेल्या फोनच्या जागी मैत्रिणीचा फोन आणि दुसऱ्या नावाचे खाते येते, आणि त्या खात्यावर काय चालले आहे हे घरात कोणालाच कळत नाही. पुढे खरोखर अडचण आली तर ती मुलगी आईकडे येणार नाही, कारण आईकडे येणे म्हणजे दुसरा गुन्हा कबूल करणे ठरते. मला ही भीती रीलपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

ही बातमी चुलतभावाकडून आली, तीही सगळ्यांपर्यंत, याकडे आपण कसे पाहिलेत हे मला माहीत नाही. त्या मुलाचे स्वतःचे खाते असणारच, नाहीतर त्याला बहिणीचे दिसले नसते. त्याच्या खात्याची चौकशी कोणी केली का? आपल्याकडच्या पुष्कळ घरांत संस्कार टिकवणे म्हणजे मुलीच्या फोनवर पाळत ठेवणे एवढाच अर्थ व्यवहारात उरला आहे, आणि मुलींना तो फार लवकर कळतो. शिमग्यात पालखी नाचवताना मुलाने रील केली तर ती साऱ्या वाडीत कौतुकाने फिरते. बहिणीने अंगणात केली तर बैठक बसते. नियम करायचा तर दोघांना एकच करावा. आणि चुलतभावाला एकट्याला बोलावून सांगावे की काळजी वाटली तर ती काकूला सांगायची, ग्रुपवर टाकायची नाही.

समाजमाध्यमांनी मुलांचे नुकसान होते की नाही, याबाबत अभ्यासकांतही एकमत नाही. अ‍ॅमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचा अभ्यास करून दाखवले की त्यांच्या सुखदुःखातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता येतो. उलट अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये इशारा दिला की ही माध्यमे मुलांसाठी पुरेशी सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही, आणि दिवसाला तीन तासांहून अधिक वापर करणाऱ्या किशोरांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो. माझ्या कामातून पाहता या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. सरासरी मुलाला फारसे काही होत नाही. पण ज्या मुलाची झोप आधीच मोडली आहे, शाळेत मैत्री तुटली आहे किंवा घरात सतत भांडण आहे, त्याला हेच माध्यम खोल ओढते. तेव्हा तासांपेक्षा मुलीकडे पाहा. ती रात्री झोपते का, जेवायला बसते का, पूर्वीच्या मैत्रिणींकडे जाते का, फोन वाजला की दचकते का. यांपैकी काही बदलले असेल तर चौकशी करा. नसेल तर थोडा धीर धरा.

एक गोष्ट मात्र तिला आजच सांगून ठेवा: कोणी फोटोवरून धमकावले किंवा पैसे मागितले तर काहीही पुसून न टाकता लगेच आईला दाखवायचे, आणि आई त्या वेळी ओरडणार नाही. अशा वेळी स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. अठरा वर्षांखालील मुलांबाबत असे काही घडल्यास पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदाही लागू होऊ शकतो, हे धमकावणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

आपण विचारले नाही, तरी ज्यांचे पती जहाजावर किंवा आखातात आहेत अशा भगिनींसाठी दोन वाक्ये लिहिते. ‘लास्ट सीन’ची वेळ पाहून संशय वाढलेली अनेक जोडपी माझ्याकडे येतात, त्या वेळेवरून व्हॉट्सअ‍ॅप उघडले होते एवढेच कळते, कोणाशी आणि का हे कळत नाही. दोघांनी ठरवून ती नोंद बंद ठेवावी आणि बोलण्याची एक वेळ नक्की करावी.

घरात फोनला वेळेचे बंधन घालावे का, याचे उत्तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहून देता येते. तेथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. ते जमले याचे मुख्य कारण असे की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. आपल्या घरात भोंग्याची गरज नाही. रात्रीचे जेवण आणि त्यानंतरचा अर्धा तास चौघांचेही फोन ओटीवरच्या फडताळात ठेवावेत. सासऱ्यांचे कीर्तनाचे व्हिडिओ आणि यजमानांचे क्रिकेट यांना त्यातून सूट देऊ नये. मुलीला सूट नाही आणि बाबांना आहे, असे झाले तर आठ दिवसांत हा नियम संपेल. मुंबईच्या मंडळींना आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावायचा असेल तर खुशाल लावावा. तेथे वाढणाऱ्या नातवंडांना देवापुढे घातले जाणारे गावाचे गाऱ्हाणे ऐकण्याची कित्येकदा तीच एक संधी असते. फक्त आरती झाल्यावर फोन सासऱ्यांच्या हातात द्यावा, म्हणजे गाव आणि मुंबई यांच्यामधला शब्द पूर्वीसारखा त्यांच्यामार्फत जाईल.

क्रमाचे सांगायचे तर आधी दिरांचे पाहावे, कारण गणपतीला ते आले नाहीत तर पुढच्या वर्षी येणे अधिक अवघड होते. मुलीशी बोलणे त्याच दिवशी करू नये आणि सासऱ्यांसमोरही करू नये. आपण दोघी एकट्या असताना, शक्यतो काही काम करता करता करावे. ती काही दिवस नीट बोलली नाही तरी चालेल. झोप किंवा खाणे बिघडलेले दिसले, किंवा सासऱ्यांचा उदासपणा वाढत असल्याचे जाणवले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही दाखवता येते.